आमच्यामागे या लेकराचे काय?

मुंबईतील अपंग बालकांच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या कार्याचा आरंभ अनेकदा आईवडिलांच्याच हातून झाला. १९४४ साली वकील दांपत्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या आपल्या कन्येसाठी घरीच वर्ग सुरू केला. त्याच रोपट्याचा शिवडी येथे जय वकील फाउंडेशनच्या रूपाने वृक्ष झाला. पुढे १९७२ साली, कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून थोड्याच अंतरावरील कुलाब्यात, मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या झाल्या. मालिनी चिब यांनी पुढे 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिले.

शाळेने मुलांचा प्रश्न हाती घेतला, परंतु मातापित्यांचे एकाकीपण उरलेच. आईलाच दोष देणे, भावंडांच्या विवाहात अडथळा येईल या भीतीने मूल लपविणे, अशा व्यथा तज्ज्ञापुढे मांडणे कठीण जाते. समदुःखी पालकापुढे त्या सहज बोलता येतात. प्रमाणपत्र कोठे मिळते, घास कसा भरवावा, हेही अनुभवी आईच नेमके सांगते. इंग्लंडमध्ये ज्युडी फ्रिड या मातेने १९४६ साली नियतकालिकातून इतर पालकांना साद घातली व त्यातून पालकांची संघटना उभी राहिली. भारतात १९९५ साली 'परिवार' हा पालक-संघटनांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

अशा पालकांच्या मनात एकच प्रश्न सलत असतो : 'आमच्यामागे या लेकराचे काय?' मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर मार्ग काढला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. बदलापूरच्या 'आधार' या पालकांच्याच संस्थेने निवासाची सोय उभारली. २०१६ च्या कायद्याने मान्यताप्राप्त अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले.

कायदा पालक नेमून देईल. परंतु त्या मुलाच्या सवयी, आवडी व भीती जाणणारी माणसे मात्र सहवासातूनच तयार होतात. म्हणून प्रत्येक वस्तीत पालकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. त्यासाठी एक खोली, एक सतरंजी आणि ऐकून घेणारी चार माणसे पुरेशी आहेत. एखाद्या धर्मादाय संस्थेला आपल्या सभागृहात एवढी सोय करून देणे मुळीच कठीण नाही.