खिसे असलेला गळपट्टा

तंजावरला हिवाळा नसतो, असे म्हणण्याची रीत आहे. कावेरीच्या मुखप्रदेशात वसलेल्या या नगरीत पौषातल्या पहाटेही पारा २० अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. नाशिककडच्या माणसाला ती हवा सुखाचीच वाटेल. तरीही मार्गळी लागली, म्हणजे डिसेंबरचा मध्य उलटला, की संक्रांतीपर्यंत पहाटेच्या भजनाला निघालेल्या मंडळींच्या कानांवरून मफलर घट्ट गुंडाळलेले दिसतात. थंडी ही शेवटी सवयीची बाब आहे. तेव्हा जाड लोकरीचा, उठावदार टाक्यांचा आणि दोन्ही टोकांना खिसे असलेला क्रोशाचा गळपट्टा तंजावरच्या एखाद्या मराठी घरात विणला जात असेल, तर त्याला हसू नये. तो तेथवर कोणत्या वाटेने पोहोचला, हे मात्र पाहण्याजोगे आहे.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुरुषवारसाविना निवर्तल्यावर कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत दरबाराने लिहून ठेवण्यात कसूर केली नाही. मोडी दफ्तरे, सरस्वती महालातील पोथ्या, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख ही त्याची साक्ष. या दरबारी जगात उबेचे वस्त्र म्हणजे शाल. ती दूर काश्मिरात मागावर विणली जाई, मोहरा मोजून विकत घेतली जाई आणि विद्वानाच्या वा गवयाच्या खांद्यावर मानाने पडे. ऊब हा तिचा दुय्यम गुण होता. तिला खिसा असण्याचा प्रश्नच नव्हता. मान काही खिशात ठेवण्याची वस्तू नाही.

सरफोजीराजे १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रेला गेले. सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा बरोबर होता. त्यांतील पुष्कळांनी उत्तरेतली खरी थंडी तेव्हाच प्रथम अनुभवली असेल. शाल, कांबळे आणि रजई यांवाचून त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता, कारण आज आपण जिला क्रोशा म्हणतो ती कला अजून युरोपातच बाळसे धरीत होती. आकड्याच्या सुईने विणण्याचे छापील नमुने हॉलंडमधील 'पेनेलोपे' या स्त्रियांच्या नियतकालिकात आले ते १८२३ साली, म्हणजे यात्रा आटोपून महाराज तंजावरला परतल्यानंतर. धाग्याच्या कलांमध्ये क्रोशा हे असे शेंडेफळ आहे. हातमाग आणि सुईदोरा यांच्यापुढे त्याचे वय काहीच नाही.

सरफोजीराजांच्या संग्रहात युरोपीय ग्रंथ हजारोंनी होते. शरीरशास्त्रापासून संगीतापर्यंत कोणत्याही विद्येला वाड्याचे दार बंद नव्हते. धाग्याची ही नवी विद्या मात्र दक्षिणेत राजाच्या ग्रंथालयातून आली नाही. तिची वाट मिशनऱ्यांच्या पत्नींनी चालविलेल्या मुलींच्या शाळांतून गेली. नागरकोविल येथे मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या दशकात मुलींना लेस शिकविली. ती क्रोशाची नव्हे. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी गोट्यांवरचे धागे एकमेकांत गुंफून ती होई. काही दास मुलींनी त्या लेसच्या कमाईतून स्वतःची मुक्तता विकत घेतली. धाग्याचे काम हे बायकांचे मन रमविण्याचे साधन, असे ज्यांना आजही वाटते त्यांनी हा व्यवहार ध्यानात ठेवावा.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचा दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने तेथील अनेक कुटुंबे तगविली. एक सुई आणि एक धागा पुरतो, माग लागत नाही, काम हवे तेव्हा खाली ठेवता येते. गरिबीला सोयीची अशी ही कला आहे. त्याच काळात ती मिशनांबरोबर गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला आली आणि तिचा निर्यातीचा मोठा धंदा झाला. त्या विणकरणींवर मारिया मीस यांनी १९८२ साली लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. दिवसाचे सात-आठ तास सुई चालविणाऱ्या बाईला 'घरी बसलेली' म्हटले, की तिची मजुरी कितीही खाली ओढता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे मराठी मध्यमवर्गात क्रोशाचे रुमाल, तोरणे, रेडिओवरची आच्छादने घराघरांत झाली. त्यांनाही 'फावल्या वेळचे काम' हेच नाव होते. तो फावला वेळ कोठून येई, हे कोणी विचारले नाही.

नरसापूरची लेस पांढऱ्या सुताची, नाजूक, परक्याच्या मेजासाठी. जाड गळपट्टा नेमका उलट स्वभावाचा आहे. त्याला बोटाएवढी जाड लोकर आणि ८ ते १० मिलिमीटरची सुई लागते. प्रथम साखळी घालायची, तिच्यावर खांबांच्या ओळी चढवायच्या. खांब हा मराठी बायकांनी या टाक्याला दिलेला शब्द मला फार समर्पक वाटतो. नेहमीचा खांब खालच्या ओळीच्या माथ्यात रोवतात. पण सुई त्या माथ्यात न घालता खालच्या खांबाच्या अंगामागून फिरवून काढली, तर नवा खांब पुढे उठून येतो. एक खांब पुढून, एक मागून, असे करीत गेले की वीत भिजलेल्या वाळूसारखी खळग्या-उंचवट्यांची होते आणि त्या खळग्यांत अडकलेली हवाच खरी ऊब देते. सुमारे २२० सेंटिमीटर लांब पट्टी झाली, की दोन्ही टोके वीस-वीस सेंटिमीटर वर दुमडून कडा शिवतात. खिसे तयार.

'खिसा' हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ पिशवी. तो कोटाला आणि अंगरख्याला चिकटला, लुगड्याला नाही. बायकांचे पैसे कनवटीला, सुपारी चंचीत, किल्ल्या कमरेला. तंजावरच्या मराठी घरांतही वेगळे नव्हते. स्वतः विणलेल्या वस्त्राला बाईने स्वतःसाठी दोन खिसे ठेवावेत, ही घटना लहान असली तरी नवी आहे.

बायकांच्या मालकीचा प्रश्न तंजावरात एकदा थेट न्यायासनापर्यंत गेला होता. राज्य खालसा करताना कंपनीने वाड्यातली खासगी चीजवस्तूही मोहोरबंद केली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला, मद्रासमध्ये जिंकला आणि १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरला. ही राज्यकृती आहे, न्यायालयाला तीत पाहता येत नाही, असा तो निकाल. खासगी मालमत्ता सरकारने १८६२ साली परत केली ती मेहेरबानी म्हणून. जडजवाहीर आणि जमिनी यांच्याविषयीचे कागद म्हणूनच आज वाचता येतात.

क्रोशाच्या वस्तूचे असे दफ्तर होत नाही. सबंध विणीत सुटा राहिलेला फास एकच असतो, अगदी शेवटचा. त्याची गाठ सोडून धागा ओढला, की खांब, साखळ्या, खिसे सारे उलट्या क्रमाने मोकळे होत जाते. जुन्या घरांत लोकर अशीच उसवीत. एकीने ओढायचे, दुसरीने गुडघ्यांभोवती लड गुंडाळायची, मग ती कोमट पाण्यातून काढून, सुरकुत्या जाव्यात म्हणून खाली वजन बांधून दोरीवर टांगायची. दोन दिवसांत धागा सरळ होई, आणि गळपट्ट्याचा नातवासाठी टोपडा होई.