व्हॉल्व्ह-विवर्धकातील विरूपणाचे संगणकीय अनुकरण

विद्युत् गिटारचा व्हॉल्व्हयुक्त ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे चालविला असता स्वरात जे विरूपण उत्पन्न होते, ते मूळ मंडलाच्या गणिती प्रतिरूपावरून संगणकाच्या आज्ञावलीत पुन्हा निर्माण करण्याची विद्या. अमेरिकेतील फेंडर बॅसमन आणि त्याच्याच आराखड्यावर बेतलेला इंग्लंडमधील मार्शल जेटीएम ४५ हे तिचे प्रमुख नमुने होत.

ट्रायोडचे सूत्र : धनाग्राचा प्रवाह दाबाच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलतो, हा चाइल्ड-लँगम्यूर नियम जुनाच, परंतु प्रत्यक्ष नलिका तो काटेकोरपणे पाळीत नसल्यामुळे नॉर्मन कोरेन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात १२एएक्स७ या नलिकेसाठी १.४ हा घात धरला. ग्रिडच्या प्रवाहासाठी मात्र निराळी तजवीज करावी लागते.

ग्रिडचा प्रवाह : तरंगाचे माथे छाटणारी एक वक्ररेषा बसविली की अनुकरण साधले, ही समजूत अपुरी आहे. दोन टप्प्यांमधील जोड-धारित्र ०.०२२ मायक्रोफॅरडचे आणि पुढील ग्रिडचा रोधक १ मेगोहमचा आहे असे धरू. तार जोराने छेडल्यावर ग्रिडचा दाब ऋणाग्राच्या वर गेला, की ग्रिड स्वतःच प्रवाह ओढू लागते आणि धारित्र त्वरित भारित होते. तो भार ओसरावयाचा मात्र रोधकावाटेच, व त्याचा कालांक २२ मिलिसेकंद असल्यामुळे, तेवढा अवधी नलिकेचा क्रियाबिंदू ऋण बाजूस सरकलेला राहून तरंगाचे दोन अर्ध असमान छाटले जातात. सबब तोच आदान-दाब पुन्हा आला तरी उत्तर तेच येत नाही. मागील क्षणांचा हिशेब ठेवणारे प्रतिरूपच ग्राह्य मानले पाहिजे. असे प्रतिरूप मॅटी कार्यालाइनेन व जिरी पाकारिनेन यांनी २०१० मध्ये फेटवाइस यांच्या तरंग-अंकीय गाळण्यांच्या साहाय्याने मांडले. इतर प्रतिरूपांत ध्वनीच्या प्रत्येक नमुन्यागणिक न्यूटनच्या रीतीने समीकरणे सोडविली जातात.

आभासी कंप्रता : छाटणीतून उपजणाऱ्या गुणित कंप्रता नमुनादराच्या निम्म्यापलीकडे गेल्या, तर त्या परावर्तित होऊन श्राव्य पट्ट्यात उतरतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले असता ५,००० हर्ट्‌झच्या स्वराची नववी गुणित कंप्रता, म्हणजे ४५,००० हर्ट्‌झ, ९०० हर्ट्‌झवर ऐकू येते, आणि तिचा मूळ स्वराशी कसलाही सुसंवाद नसतो. यावर उपाय म्हणून नमुनादर आठपट किंवा त्याहून अधिक वाढवून गणित करतात आणि मग गाळून पूर्वदरावर आणतात. या कामात हयगय झाल्यास वरच्या पट्टीतील स्वर कर्कश होतात.

स्वरनियंत्रण : बॅसमनच्या बास, मिडल व ट्रेबल या तीन नियंत्रकांचा परस्परांवर परिणाम होतो; त्यांचे अचूक अंकीय रूपांतर डेव्हिड ये व ज्यूलियस स्मिथ यांनी २००६ मध्ये दिले.

ध्वनिक्षेपक : विरूपित संकेताचे त्याच्या आवेग-प्रतिसादाशी संवलन केले जाते.

व्यापारी उपकरणे : लाइन ६ कंपनीचे पॉड (१९९८) हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. मूळ यंत्र व अनुकरण यांतील भेद श्रोत्यांना कितपत ओळखता येतो, याविषयी मतभेद आहेत.

यंत्रशिक्षण : २०१९ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी मंडलाचे सूत्र न देता केवळ आदान व प्रदान यांवरून चेताजालास बॅसमनचे विरूपण शिकविले, परंतु ते प्रदान प्रत्यक्ष यंत्राचे नसून मंडलाच्या संगणकीय प्रतिरूपातूनच घेतलेले होते.