मृगया की द्यूत? : अग्निबाण-खेळांच्या आकर्षणाचा इतिहास (१९६२–१९८२)

अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात कौटिल्याने मृगया, द्यूत, स्त्री व पान ही चार कामज व्यसने सांगितली आहेत. मृगया व द्यूत ह्यांपैकी अधिक घातक कोणते, ह्याविषयी पिशुन ह्या पूर्वाचार्याशी असलेला आपला मतभेदही त्याने तेथे नोंदविला आहे. पिशुनाच्या मते मृगया अधिक वाईट. कौटिल्याला हे मान्य नाही. मृगयेत व्यायाम घडतो, चल आणि स्थिर लक्ष्यांवर नेम धरण्याचा सराव होतो, क्रोधाच्या व भयाच्या वेळी पशूंचे चित्त कसे असते हे कळते. द्यूतात मात्र एकाचा पराजय ठरलेलाच असतो, आणि त्याचा दाखला म्हणून तो नल व युधिष्ठिर ह्यांची नावे घेतो. दोन्ही व्यसनेच, तथापि त्यांचे मोल ठरविताना कौटिल्य दोन प्रश्न विचारतो असे दिसते. खेळणाऱ्याच्या अंगी काही कौशल्य येते काय? आणि खेळात हरतो कोण?

हे दोन प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निर्माण झालेल्या एका नव्या करमणुकीला लावून पाहावेत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पडद्यावर अग्निबाणासारखे यान वेगाने चालवावयाचे, शत्रूला टिपावयाचे व स्वतः वाचावयाचे, असे ह्या यंत्रखेळांचे स्वरूप. १९८० च्या सुमारास त्यांनी तरुणांना असे काही वेड लावले की, ‘व्यसन’ हा शब्द वृत्तपत्रांतून, नगरसभांतून आणि न्यायालयांतूनही त्यांच्यासंबंधात वापरला जाऊ लागला. हे आकर्षण कशातून उत्पन्न झाले, ह्याचे उत्तर बहुधा मानसशास्त्राकडे मागितले जाते. ते आवश्यक आहे. परंतु पुरेसे नाही. मनुष्याचे मन १९६२ साली जे होते तेच १९८२ सालीही होते. वीस वर्षांत बदलली ती खेळाची घडण, आणि ती का बदलली हा इतिहासाचा प्रश्न आहे.

१. प्रयोगशाळेतील खेळ

ह्या परंपरेचा आरंभ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता. मे १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनी चंद्रावर मनुष्य पाठविण्याचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षी संस्थेला ‘पीडीपी-१’ हा संगणक मिळाला. त्याला वर्तुळाकार पडदा जोडलेला होता. स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या पडद्यासाठी १९६२ साली ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला. दोन याने, मध्यभागी एक तारा आणि प्रत्येकाजवळ मोजके इंधन व मोजकी अस्त्रे, एवढीच त्याची सामग्री. ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्‌सने घातले, आकाशातील खऱ्या नक्षत्रांची पार्श्वभूमी पीटर सॅम्सनने पुरविली, आणि संकटसमयी अवकाशातून अदृश्य होऊन भलतीकडे प्रकट होण्याची युक्ती मार्टिन ग्रेट्‌झची. इंजिन बंद केले तरी यान जडत्वाने पुढे जातच राहते. दिशा बदलावयाची तर नाक फिरवून पुन्हा जोर द्यावा लागतो. ह्या नियमामुळे यान हाती येण्यास वेळ लागे, आणि एकदा हाती आले की त्याचा मोह सुटत नसे.

तथापि ह्या खेळाचे दोन विशेष लक्षात ठेवले पाहिजेत. एक म्हणजे तो दोन माणसांतील सामना होता. हार झाली तर ती शेजारी बसलेल्या मित्राकडून. दुसरा म्हणजे त्यात कोणाचाही आर्थिक लाभ नव्हता. संगणकाची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर्स असल्यामुळे तो बाजारात मांडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. खेळ लांबला तर कोणाचे नुकसान होत नव्हते, आणि आटोपला तर कोणाचा फायदाही होत नव्हता. कौटिल्याच्या परिभाषेत ही शुद्ध मृगया होती.

२. नाण्याचा प्रवेश

नाणे टाकून चालणाऱ्या करमणुकीच्या यंत्रांचा धंदा अमेरिकेत फार जुना, आणि त्याच्या कपाळी जुगाराचा शिक्काही जुनाच. न्यूयॉर्क शहरात महापौर ला ग्वार्डिया ह्यांच्या कारकीर्दीत १९४२ साली पिनबॉलच्या यंत्रांवर बंदी आली व पोलिसांनी ती जाहीरपणे फोडली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. ती उठविण्यासाठी रॉजर शार्प ह्याने नगरसमितीपुढे यंत्रावर खेळून दाखविले व चेंडू नशिबाने नव्हे, कौशल्याने जातो हे पटवून दिले. म्हणजे हा वादही मृगया की द्यूत असाच होता. मात्र एक गोष्ट त्यात कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. कौशल्याच्या खेळातही मालकाचे उत्पन्न खेळणारा किती लवकर हरतो ह्यावरच अवलंबून असते.

‘स्पेसवॉर’ला नाणे जोडण्याचे पहिले दोन प्रयत्न १९७१ सालचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल पिट्‌स व ह्यू टक ह्यांनी ‘गॅलक्सी गेम’ हे यंत्र बसविले. दहा सेंटांत एक डाव. विद्यार्थ्यांची गर्दी होई, परंतु आत खराखुरा संगणक असल्यामुळे एवढ्या उत्पन्नात यंत्राची किंमत भरून निघण्याजोगी नव्हती. नोलन बुशनेल व टेड डॅबनी ह्यांनी निराळा मार्ग काढला. त्यांच्या ‘कॉम्प्युटर स्पेस’मध्ये नाव असूनही संगणक नव्हता, साध्या तर्कमंडलांवर काम भागविले होते. दुसरा खेळाडूही नव्हता. त्याच्या जागी यंत्राने चालविलेल्या तबकड्या आल्या, आणि डाव ठरावीक काळाने संपू लागला. यंत्र फारसे खपले नाही, परंतु ह्या तीन बदलांनी पुढील दिशा निश्चित केली : स्वस्त यंत्र, एकटा खेळाडू, मोजलेला वेळ.

१९७८ साली जपानमध्ये तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो ह्याने रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने घड्याळही काढून टाकले. खेळाडू मरेपर्यंत डाव चालणार. पण शत्रू कमी होत जातील तसतसा त्यांचा वेग वाढणार. हा वेग मूळ संकल्पनेत नव्हता. पडद्यावर चित्रे कमी उरली की प्रक्रियकावरील भार हलका होई व उरलेली चित्रे भराभर हलत. निशिकादोने हा गुण ओळखून तो ठेवला. सोबत चार सुरांचा ठेका, तोही शत्रूबरोबर द्रुत होणारा. यंत्राच्या मर्यादेतून जन्मलेला हा वेगच नाण्याच्या धंद्याला हवा तो नियम पुरवून गेला : डाव अनंत वाटावा, परंतु सहसा काही मिनिटांत संपावा.

३. १९७९ : दोन भावंडे

आकर्षणाच्या कारणांचा निवाडा करण्यास इतिहासात प्रयोगशाळेसारखी सोय क्वचितच मिळते. १९७९ साली ती मिळाली. ‘अटारी’ कंपनीने त्या वर्षी एकाच प्रकारच्या रेषाचित्र-यंत्रणेवर दोन खेळ काढले. ऑगस्टमध्ये ‘लूनर लँडर’ आला व नोव्हेंबरात ‘ॲस्टेरॉइड्‌स’. दोहोंत यान फिरविणे व जोर देणे हेच मुख्य कर्म. दोहोंत जडत्वाचा नियम एकच.

‘लूनर लँडर’चे मूळ १९६९ साली जिम स्टोरर नावाच्या शाळकरी मुलाने लिहिलेल्या आज्ञावलीत आहे. चंद्रावर अलगद उतरणे हे त्यातील साध्य. नाण्याच्या यंत्रात आल्यावर त्यात इंधन विकत मिळू लागले. अधिक नाणी टाकावीत व अधिक वेळ उडावे. व्यापारी दृष्टीने ह्याहून सरळ व्यवहार नाही. ‘ॲस्टेरॉइड्‌स’मध्ये, उलटपक्षी, एका नाण्यात तीन-चार याने मिळत, पुढे काहीही विकत घेता येत नसे, आणि दर १०,००० गुणांना एक यान फुकट मिळे. लाइल रेन्स व एड लॉग ह्यांनी रचलेल्या ह्या खेळाची सुमारे ७०,००० यंत्रे खपली. ‘लूनर लँडर’ची पाच हजारांच्या आतच राहिली.

ह्यावरून एक सर्वसाधारण समजूत बाजूला सारावी लागते. खेळणारा केवळ वेळ विकत घेत असता, तर वेळ उघडपणे विकणारे यंत्र अधिक चालले असते. लोक नाणे टाकीत होते ते पुन्हा प्रयत्न करण्याच्या संधीसाठी. ‘ॲस्टेरॉइड्‌स’मध्ये चूक व मृत्यू ह्यांत क्षणाचेही अंतर नसे, आपण का मेलो हे खेळणाऱ्याला लगेच कळे, आणि पुढच्या वेळी ते टळेल असा विश्वास वाटे. शेवटी श्रेष्ठ गुणसंख्येच्या यादीत तीन आद्याक्षरे कोरण्याची सोय होती. त्यामुळे एकट्या खेळणाऱ्याला हरपलेला प्रतिस्पर्धी परत मिळाला, जरी तो प्रत्यक्ष समोर नसला तरी. मिहाय चिक्सेंटमिहाय ह्याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात कंटाळा व चिंता ह्यांच्या मधल्या ज्या तल्लीनतेचे वर्णन केले आहे, ती येथे जणू यंत्रानेच तोलून धरलेली होती.

परंतु ह्या यशातच मालकांची अडचण दडलेली होती. कुशल खेळाडूंना आढळले की, एखादा लहान पाषाण मुद्दाम शिल्लक ठेवून उडत्या तबकड्या टिपत राहिल्यास डाव संपतच नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये स्कॉट सॅफ्रन ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने ४,१३,३६,४४० गुण मिळविले. तो विक्रम २०१० साली मोडला तेव्हा जॉन मॅकॲलिस्टरला सुमारे ५८ तास सतत खेळावे लागले. एका नाण्यावर अडलेले यंत्र मालकाला परवडणारे नव्हते. १९८१ च्या ‘ॲस्टेरॉइड्‌स डीलक्स’मध्ये यानाचा पाठलाग करणारे शत्रू आले ते ह्या पळवाटेवर इलाज म्हणून. मृगया फार साधली की द्यूताचा हिशेब बिघडतो, हे येथे स्पष्ट दिसते.

४. ‘डिफेंडर’

ह्या दोन मागण्यांचा सर्वांत कठोर मेळ शिकागोच्या विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’मध्ये घातला गेला. त्याचा मुख्य रचनाकार यूजीन जार्व्हिस पूर्वी पिनबॉलच्या यंत्रांवर काम करीत असे. १९८० च्या अखेरीस शिकागोतील व्यापारी प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले तेव्हा पुष्कळांना ते फार अवघड वाटले. वर-खाली नेणारी एक दांडी व पाच बटणे : जोर, उलट दिशा, गोळी, महास्फोटक आणि अदृश्य होणे. दोन हातांना सहा कामे, आणि त्यांतील कोणतेही विसरणे म्हणजे मृत्यू. नवखा खेळाडू मिनिटभरही टिकत नसे. तरीही १९८१ साली बाजारात आल्यावर त्याची ५५,००० हून अधिक यंत्रे खपली.

‘डिफेंडर’चे जग पडद्याहून अनेक पट रुंद असून यान त्यातून प्रचंड वेगाने जाते, न दिसणाऱ्या भागाचा सुगावा वरच्या लहान नकाशावरून घ्यावा लागतो. खाली जमिनीवर दहा माणसे असतात. शत्रू त्यांतील एखाद्याला उचलून वर नेऊ लागतो. त्याला वेळीच टिपले तर माणूस खाली पडू लागतो आणि यानाने त्याला झेलता येते. वेळ चुकली तर त्या माणसाशी एकरूप होऊन शत्रू अधिक क्रूर बनतो. दहाही माणसे गेली की ग्रहच फुटतो. ‘स्पेसवॉर’मध्ये स्वतःचा बचाव हे एकच कर्तव्य होते, येथे दुसऱ्याचे रक्षण हे दुसरे कर्तव्य आले, आणि दोहोंची सतत ओढाताण सुरू झाली. आपला जीव वाचवावा तर माणूस जातो, माणसामागे धावावे तर जीव जातो. खेळणारा हरतो तेव्हा त्याला केवळ अपयश वाटत नाही. कोणाला तरी आपण वाचवू शकलो नाही अशी रुखरुख लागते. पुढचे नाणे ह्या रुखरुखीतून निघते, असे म्हणावयास हरकत नाही. वेग हे ह्या खेळाचे बाह्य रूप झाले. त्याची पकड अपुऱ्या राहिलेल्या कर्तव्यात आहे.

५. कायदा आणि दोषारोप

‘टाइम’ साप्ताहिकाने जानेवारी १९८२ मध्ये अंदाज दिला की, आदल्या वर्षी अमेरिकेत ह्या यंत्रांत सुमारे पाच अब्ज डॉलर्सची नाणी पडली. हा आकडा अंदाजच होय. तरी समाज का हादरला हे त्यावरून कळते. मे १९८१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात जॉर्ज फोक्स ह्यांनी अशा यंत्रांवर स्थानिक नियंत्रण आणणारे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. ती ९४ विरुद्ध ११४ मतांनी फेटाळली गेली. त्याच वर्षी फिलिपीन्समध्ये मार्कोस ह्यांनी सरसकट बंदी घातली. टेक्ससमधील मेस्किट गावाने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय खेळण्यास मनाई केली होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वयाच्या अटीवर अंतिम निकाल न देता प्रकरण परत पाठविले. मॅसॅच्युसेट्समधील मार्शफील्ड गावाची १९८२ ची बंदी तर २०१४ पर्यंत टिकली. नोव्हेंबर १९८२ मध्ये सर्जन जनरल कूप ह्यांनी मुले ह्या खेळांच्या आहारी जात आहेत असे विधान केले. परंतु त्याला शास्त्रीय पुरावा नाही हे त्यांना लगेच मान्य करावे लागले.

ह्या सर्व उपायांत एक समान सूत्र आढळते. त्यांनी खेळणाऱ्याचे वय पाहिले, यंत्राची जागा पाहिली, परंतु यंत्राची घडण पाहिली नाही. मालकाला यंत्राच्या आतील कळी फिरवून फुकट याने किती गुणांना द्यावयाची व खेळ किती कठीण करावयाचा हे ठरविता येत असे. मुलाच्या मनोनिग्रहावर चर्चा करणाऱ्या सभांत ह्या कळींचा उल्लेख झाला असता, तर प्रश्नाचे स्वरूप पुष्कळ निराळे दिसले असते.

६. उपसंहार

मग हे व्यसन होते काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली संमत केलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळविकाराला स्थान दिले आहे. परंतु त्यासाठी नियंत्रण सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला प्राधान्य मिळणे व हानी दिसत असूनही तो चालू राहणे ही लक्षणे सामान्यतः वर्षभर आढळावी लागतात. १९८१ च्या बहुसंख्य मुलांना हा निकष लागू पडेल असे दिसत नाही. त्यांना जडली होती ती मृगयाच. चल लक्ष्यावर नेम, भयाच्या क्षणी स्थिर बुद्धी आणि सरावाने येणारे खरे कौशल्य हे कौटिल्याने सांगितलेले गुण तीत होते. ज्या व्यवहारात ती बांधली गेली तो मात्र द्यूताचा होता. त्यात एका पक्षाचा पराजय आधीच ठरलेला होता, आणि तो ठरविण्याची कळ दुसऱ्या पक्षाच्या हाती होती.

म्हणून ह्या खेळांच्या अभ्यासकाने खेळणाऱ्याचे मन व यंत्राचा हिशेब हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. नाण्याची फट आज बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली आहे; खेळ हातातील फोनवर आले आहेत, आणि ‘लूनर लँडर’ला न साधलेली इंधनविक्री तेथे नव्या रूपाने भरभराटीस आली आहे. अशा वेळी कौटिल्याचा दुसरा प्रश्न, हरतो कोण, हा पहिल्याहून अधिक निकडीचा झाला आहे.