बॅम्प्टन व्याख्याने

ऑक्सफर्ड विद्यापीठातील ख्रिस्ती धर्मशास्त्रविषयक सार्वजनिक व्याख्यानमाला. सॉल्झबरी कॅथीड्रलचे धर्माधिकारी जॉन बॅम्प्टन (मृत्यू १७५१) यांनी मृत्युपत्राद्वारे आपली मालमत्ता या कामासाठी विद्यापीठाच्या स्वाधीन केली. पहिली व्याख्याने १७८० मध्ये झाली. चर्च आणि विद्यापीठ यांची सांगड येथे पक्की दिसते: वक्त्याची निवड महाविद्यालयांच्या प्रमुखांनी करायची, व्याख्याने मात्र सेंट मेरी या विद्यापीठाच्या चर्चमध्ये, आठ प्रवचनांच्या रूपाने द्यायची, अशी मूळ योजना होती. दात्याचा व्यवहारीपणा अटींत उतरला आहे. व्याख्याने दोन महिन्यांत छापून तीस प्रती काढायच्या, त्यांतील एक नगराध्यक्षाला द्यायची आणि छपाई झाल्याशिवाय वक्त्याला मानधन नाही! एकाच व्यक्तीला हा मान दुसऱ्यांदा मिळू नये, अशीही अट होती.

हेतू श्रद्धेच्या समर्थनाचा असला, तरी मालेची कीर्ती वाढली ती वादांमुळे. हेन्री मॅन्सेल यांनी १८५८ मध्ये मानवी बुद्धीला ईश्वराचे स्वरूप कळण्याच्या मर्यादा मांडल्या. त्यावर धर्मवेत्ते एफ. डी. मॉरिस आणि पुढे तत्त्वज्ञ जॉन स्ट्यूअर्ट मिल यांनी कडाडून टीका केली. एडविन हॅच यांच्या आद्य ख्रिस्ती संघटनेवरील व्याख्यानांचे (१८८०) जर्मन भाषांतर विख्यात इतिहासकार हार्नाक यांनी केले. १८९५ नंतर ही माला एक वर्षाआड होऊ लागली.