पासवर्ड बरोबर होता

दिवाळीच्या आठवडाभर आधी सांगलीहून आत्याचा फोन आला. आत्या ७४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. "अरे, तीन दिवस झाले, कॉम्प्युटरवर मेल उघडत नाहीये. डायरीत बघून पासवर्ड घालते, तरी परत विचारतो." मग आवाज खाली आला. "तुझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं रे."

आजी शेवटची काही वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. त्यामुळे हा फोन काही पासवर्डपुरता नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये असल्याने घरच्यांच्या लेखी प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं मला येतं. दोन दिवस सुट्टी होती, गेलो. डायरीतला पासवर्ड माझ्या फोनच्या ब्राउझरमध्ये घातला, मेल लगेच उघडली. तोच पासवर्ड तिच्या डेस्कटॉपवरच्या मेल प्रोग्राममध्ये घातला, तर 'लॉगिन झालं नाही' म्हणत पुन्हा तीच चौकट. म्हणजे आत्या काहीही विसरली नव्हती. मग प्रोग्राम तिच्याकडे पुन्हापुन्हा पासवर्ड का मागत होता? याचं उत्तर फार जुनं आहे.

१९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची यंत्रणा दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, अशी ती कल्पना. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या, वापराचा वेळ मोजायचा, म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला. कुलूप एवढंच, साधं. ते १९६२ मध्ये फुटलंही. अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरत नव्हते. त्याने पासवर्डची फाईल छापून मागितली. यंत्रणेने ती निमूट छापून दिली. मग तो इतरांच्या नावाने काम करू लागला. ही कबुली त्याने दिली ती जवळपास २५ वर्षांनी! याच सीटीएसएसवर १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकमेकांना निरोप ठेवण्यासाठी 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. संगणकाचा पासवर्ड आणि मेल, दोघेही लहानाचे मोठे झाले ते असे एकाच घरात.

पुढे मेल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊ लागली. आपली मेल सर्व्हरवरून स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी १९८४ मध्ये 'पॉप' हा नियमसंच आला, १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती. तिच्यातलं संभाषण इतकं तुटक आहे की वाचताना हसू येतं. संगणक म्हणतो, 'यूजर' अमुक. मग म्हणतो, 'पास' तमुक. सर्व्हरकडे उत्तरं दोनच: अधिक चिन्ह लावून 'ओके', नाहीतर उणे चिन्ह लावून 'एरर'. पुढे चार शब्द जोडायची मुभा होती, पण ते वाचायलाच हवेत असं प्रोग्रामवर बंधन नव्हतं. नकार आला म्हणजे पासवर्ड चुकला, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. तेव्हा नकाराला दुसरं कारण फारसं नसायचंच. कारण स्पष्ट सांगणारे संकेत पॉपला २००२ मध्ये आणि त्याचा भाऊ आयमॅप याला २००९ मध्ये जोडले गेले. तोवर जगभरचे मेल प्रोग्राम नकार ऐकला की पासवर्डची चौकट पुढे करायला शिकून बसले होते.

त्याच १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरने 'यूडोरा' लिहिला. हे नाव आहे कथालेखिका यूडोरा वेल्टी यांचं. पोस्टात राहायला गेलेल्या बाईची त्यांची एक कथा आहे, आणि दिवसभर मेलवर काम करून डॉर्नरलाही आपण पोस्टातच राहतोय असं वाटायचं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. फोनची लाइन महाग, म्हणून मेल उतरवून घ्यायची, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायची, ही सवय त्या काळाची. आत्याचा प्रोग्राम त्याच सवयीचा वारस आहे. मुलाने अमेरिकेतून पाठवलेली २००६ ची पहिली मेल अजून तिच्या हार्ड डिस्कवर आहे.

मग बिघडलं कुठे? २००६-०७ च्या सुमारास नव्या वेबसाइटी बिनदिक्कत विचारायच्या, 'तुमच्या मेलचा पासवर्ड द्या, तुमचे मित्र शोधून देतो.' लोक देतही होते. म्हणजे अंगणातल्या झाडांना पाणी घालायला सांगून शेजाऱ्याला तिजोरीची किल्लीही द्यायची. यावर उपाय म्हणून २००७ मध्ये 'ओऑथ' आलं आणि २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. त्यात प्रोग्रामला पासवर्ड कळतच नाही. तुम्ही मेल कंपनीच्याच पानावर लॉगिन करता आणि ती प्रोग्रामला एक टोकन देते: मर्यादित कामाचं, मुदतीचं आणि हवं तेव्हा रद्द करता येणारं. दुसरी आवृत्ती लिहिताना इतके वाद झाले की मुख्य संपादक एरन हॅमर यांनी काम सोडून स्वतःचं नावही काढून घेतलं. गुंतागुंतीबद्दलची त्यांची तक्रार रास्त होती, असं मला रोज हे कोड वाचताना वाटतं.

तरीही तेच टिकलं. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्राममधून नुसत्या पासवर्डने येणं बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला तेच केलं. चोरलेले पासवर्ड यंत्राने लाखोंनी वापरून पाहिले जातात, तेव्हा हे करणं भाग होतं. आत्याची सेवा कोणती ते सोडून देऊ. तिला आधी एक मेल आली होती, पण इंग्रजीत, आणि 'तुमचं खातं बंद होईल' छापाच्या फसव्या मेलसारखी दिसणारी. आम्हीच तिला अशा मेल उघडू नकोस म्हणून बजावलं होतं.

दुरुस्ती वीस मिनिटांची. प्रोग्राम अद्ययावत केला. सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' होती 'नॉर्मल पासवर्ड', ती 'ओऑथ२' केली. साठवलेला जुना पासवर्ड पुसला. लॉगिनची खिडकी उघडून कोरीच राहिली, कारण कुकीज बंद होत्या. त्या चालू केल्या. मेल आली, पण जाईना. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा असतो आणि तिथेही पद्धत बदलावी लागते, हे मीही विसरलो होतो! १९८२ च्या मूळ नियमांत मेल पाठवायला लॉगिन नव्हतंच. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकायला कोण ओळख विचारतं? ते १९९९ मध्ये जोडलं गेलं. म्हणून आजही येण्याजाण्याची कुलपं दोन. (ज्या जुन्या प्रोग्रामला ओऑथ येतच नाही, त्यांच्यासाठी काही सेवा वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' देतात. आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी लागते.)

मेल धडाधड उतरू लागल्या. आत्या चष्मा लावून बघत होती.

"म्हणजे माझा पासवर्ड बरोबर होता?"

"पहिल्यापासून."

"मग तसं सांगायचं ना त्याने."

ती डायरी मिटून आत गेली. तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, हे मला जेवताना कळलं. आता रद्द कर म्हटलं, तर म्हणाली, "घेतलीच आहे, तर जाऊन येते. तू गाडी काढ फक्त."