महापालिकांच्या कार्बन-ठरावाची कुळकथा

हरितगृह वायू कमी करण्याचे महापालिकांचे ठराव जगभर एकाच साच्यात लिहिले जातात: अमुक सालच्या पातळीपेक्षा इतके टक्के कमी, तमुक सालापर्यंत. मुंबईच्या 2022 च्या आराखड्यात 2019 हे आधारवर्ष आहे आणि 2030 पर्यंत 30 टक्के, 2040 पर्यंत 44 टक्के व 2050 मध्ये निव्वळ शून्य अशी उतरंड आहे. या साच्याचे कूळ बहुधा टोरांटोला नेऊन पोचवतात. जून 1988 मध्ये तिथे भरलेल्या बदलत्या वातावरणविषयक परिषदेने 1988 ची पातळी धरून 2005 पर्यंत कार्बन डायऑक्साइड 20 टक्क्यांनी घटवावा, असे सुचवले. राष्ट्रांनी ते फारसे मनावर घेतले नाही. टोरांटोच्या नगर परिषदेने मात्र जानेवारी 1990 मध्ये तेच उद्दिष्ट आपल्या शहरापुरते स्वीकारले.

इथवर सगळे सर्वश्रुत आहे. पण एखाद्या नगर परिषदेला अख्ख्या वातावरणाची जबाबदारी अंगावर घेण्याचे धाडस कुठून झाले, याचे उत्तर टोरांटोत मिळत नाही. ते कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये मिळते, आणि तिथला वायू कार्बन डायऑक्साइड नव्हताच. तो होता फ्रीजमधला आणि मोटारींच्या एसीमधला सीएफसी.

अर्व्हाइन हे 1971 साली नगराचा दर्जा मिळालेले नवे शहर. तिथल्या विद्यापीठात शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी 1974 मध्ये दाखवून दिले की सीएफसी वर जाऊन ओझोनचा थर खातो. 1987 चा माँट्रिअल करार झाल्यावरही निम्म्याहून अधिक कपातीचे बंधन कुणावर नव्हते. जुलै 1989 मध्ये महापौर लॅरी अ‍ॅग्रन यांच्या पुढाकाराने शहराने सीएफसीवर बंदी घालणारा स्वतःचाच कायदा केला. त्याचा धाक कुठवर पोचणार होता ते गॅरेजमध्ये पाहावे. एसी दुरुस्त करताना मेकॅनिक नळी सोडून जुना वायू हवेत जाऊ देई, कारण नवा भरणे स्वस्त पडे. आता तो यंत्राने ओढून साठवून ठेवायचा. सर्किट बोर्ड धुण्यासाठी सीएफसी वापरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांनाही ही झळ बसणार होती. म्हणजे ज्याला राष्ट्रांचा तह लागतो अशा प्रश्नाची निदान एक बाजू नगराच्या परवाना खात्याला हाताळता येते, हे दिसले.

त्याच महिन्यात अमेरिका व कॅनडातल्या नगरप्रतिनिधींची बैठक अर्व्हाइनमध्ये भरली. तिथे जुळलेल्या जाळ्यातून सप्टेंबर 1990 मध्ये न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, ‘इक्ली’ ही स्थानिक संस्थांची आंतरराष्ट्रीय परिषद जन्मली. 43 देशांतल्या दोनशेहून अधिक स्थानिक संस्था तिथे होत्या. जेब ब्रुगमन पहिले सरचिटणीस झाले आणि कचेरी थाटली गेली ती टोरांटोत. (अ‍ॅग्रन तोवर महापौरपदाची निवडणूक हरले होते.) ओझोनची वाट आणि कार्बनची वाट इथे एका दारात आल्या.

या वंशावळीवर तीन हरकती निघू शकतात. पहिली शांतता चळवळीची. मँचेस्टरने 1980 मध्येच स्वतःला अण्वस्त्रमुक्त शहर जाहीर केले आणि ब्रिटन-अमेरिकेत तसे ठराव भराभर झाले. अ‍ॅग्रन स्वतः नगरांच्या परराष्ट्रनीतीचा पुरस्कार करणाऱ्या गोटातले. टोरांटो परिषदेच्या निवेदनानेही हवामानबदलाच्या परिणामांना अणुयुद्धाच्या खालोखाल बसवले होते. तेव्हा धाडस या घराण्याकडून आले, हे मान्य करायला हवे. पण अण्वस्त्रमुक्तीच्या ठरावात टक्का नाही, आधारवर्ष नाही, मुदत नाही. फलक लावला की ठराव पुरा.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. टक्का-आधारवर्ष-मुदत हे त्रिकूट ओझोनच्याही आधीचे आहे. मार्च 1984 मध्ये ओटावात काही देशांनी ‘30 टक्के क्लब’ बांधला आणि 1985 च्या हेलसिंकी करारात त्याचे कलम झाले: 1980 ची पातळी, गंधकाच्या उत्सर्जनात 30 टक्के घट, मुदत 1993. प्रश्न आम्लपावसाचा होता. माँट्रिअल करार याच चालीवर 1986 ची पातळी धरून चालतो. दोन्हींत कॅनडा आघाडीवर होता, त्यामुळे एकाच मसुदाकारी परंपरेचा हात दोन्हीकडे फिरला असणार, असा तर्क बळकट वाटतो. साचा आम्लपावसाचा, हे म्हणूनच कबूल. मात्र गंधक निघे वीजकेंद्रांच्या आणि धातुशुद्धीच्या भट्ट्यांच्या धुराड्यांतून. त्यांच्यावर नगराची सत्ता क्वचितच चाले. राष्ट्रांच्या तहातला तो साचा नगर सभागृहात आणला ओझोननेच.

तिसरी हरकत फ्रँकफुर्टची. 1990 मध्येच तिथे युरोपीय नगरे आणि अ‍ॅमेझॉनच्या आदिवासी संघटना यांची ‘क्लिमा-ब्युंडनिस’ ही युती झाली. 2010 पर्यंत कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आणण्याचे आणि उष्णकटिबंधीय लाकूड टाळण्याचे तिचे वचन होते. हे स्वतंत्र कूळ म्हणून मांडले जाते. पण त्याच वचननाम्यात सीएफसी ताबडतोब बंद करण्याचे कलमही आहे. स्वतंत्र कुळातसुद्धा ओझोनचे रक्त निघते ते असे.

ओझोनकडून एक गोष्ट मात्र वारशात मिळाली नाही: बंदी. सीएफसीला पर्याय होते. कार्बन डायऑक्साइडवर बंदी घालणे म्हणजे शहरातल्या चुली आणि बसगाड्या बंद करणे. परवाना खात्याची जागा मग हिशेबनिसाने घेतली. 1991 ते 1993 या काळात इक्लीने टोरांटो, कोपनहेगन, हेलसिंकी, बोलोन्या, अंकारा, डेन्व्हर, पोर्टलंड अशा शहरांसह नागरी कार्बन प्रकल्प चालवला. त्यातून पाच पायऱ्या ठरल्या: मोजणी, उद्दिष्ट, आराखडा, अंमल, देखरेख. पैशाची सोयही टोरांटोने मासलेवाईक केली. लँगस्टाफ इथल्या जुन्या तुरुंगशेतीची जमीन विकून आलेल्या 2 कोटी 30 लाख डॉलरमधून 1991 मध्ये वातावरण निधी उभा राहिला.

पुढचे टप्पे परिचित आहेत. 1993 मध्ये इक्लीची नगरांसाठीची हवामान मोहीम. 16 फेब्रुवारी 2005 रोजी, क्योटो करार अमलात आला त्याच दिवशी, सिअ‍ॅटलचे महापौर ग्रेग निकल्स यांचे अमेरिकन महापौरांना आवाहन. त्याच वर्षी लंडनमध्ये केन लिव्हिंगस्टन यांचा पुढाकार आणि त्यातून सी-40 हे महानगरांचे जाळे. 2008 मध्ये युरोपीय महापौरांचा करारनामा. 2014 मध्ये शहरी मोजणीचा जागतिक नियमसंच.

2021 मध्ये महाराष्ट्रातली 43 शहरे ‘रेस टू झीरो’ मोहिमेत दाखल झाली. मुंबईच्या हिशेबात 2019 चे उत्सर्जन सुमारे 2.34 कोटी टन भरते आणि त्यातला 70 टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा, प्रामुख्याने कोळशावरच्या विजेचा आहे. कोणत्या इंधनाची वीज बनवायची, हे महापालिका ठरवत नाही. म्हणून आराखड्याचा भर इमारती, वाहतूक, कचरा अशा अखत्यारीतल्या खात्यांवर पडतो. 2024 मध्ये महापालिकेने त्याला हवामान अंदाजपत्रकाची जोड दिली. खर्चाच्या प्रत्येक बाबीचा हवामानाशी संबंध तपासण्याची ही पद्धत ओस्लोची; मुंबईपर्यंत ती सी-40 च्या जाळ्यातून आली.