पोरांच्या रक्तातला हिवताप

हिवताप म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो वाकळेखाली कुडकुडणारा मोठा माणूस. पलटणींच्या दप्तरांत तोच आहे, कोयनेलचा हिशेबही त्याच्याच नावे मांडलेला आहे. परंतु या रोगाचे बिऱ्हाड खरे पाळण्यात असते, हे विद्वानांच्या नीट ध्यानात यावयास एकोणिसावे शतक सरत यावे लागले.

१८८० साली अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराला एका शिपायाच्या रक्तात हिवतापाचा जंतू दिसला. १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस डासाच्या पोटात त्याचा माग काढला. या दोन कथा आपण शाळेत वाचल्या आहेत. तिसरी तितकी कोणी सांगत नाही. १८९९ साली रॉबर्ट कॉख जावा बेटावर आणि तेथून न्यू गिनीत गेला. त्याने नुसते रोगी तपासले नाहीत. ज्यांना ताप नव्हता अशा गावकऱ्यांच्याही रक्ताचे थेंब काचेवर घेतले. जंतू सापडले ते मुख्यतः लहान मुलांत. वाढत्या वयाबरोबर ते विरळ होत गेलेले. मोठी माणसे निभावत होती, याचा अर्थ त्यांनी बाळपणीच त्याची किंमत चुकती केली होती. ज्या मुलांना ती चुकती करता आली नाही, ती मोजायला उरलीच नव्हती!

ही किंमत रक्तातच मोजता येते. जंतू तांबड्या पेशीत शिरतो, आतले हिमोग्लोबिन खातो, आणि बहुधा ४८ तासांनी ती पेशी फोडून त्याची पिलावळ बाहेर पडते. पण फुटलेल्या पेशींच्या हिशेबाने हा रक्तक्षय पुरता उलगडत नाही. जंतूने न शिवलेल्या अनेक पेशीही पाणथरी गाळून टाकते, आणि नव्या पेशी घडवणारी अस्थिमज्जा ऐन गरजेच्या वेळी मंदावते. घरही पडते आणि गवंडीही संपावर जातो, असा हा प्रकार. म्हणूनच ताप उतरल्यावरदेखील पोर कित्येक दिवस पांढुरके दिसते. पांढऱ्या पेशी सहसा फारशा वाढत नाहीत, प्रसंगी घटतातच. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका मात्र पुष्कळदा झपाट्याने उतरतात.

तथापि खेड्यातले पोर अशक्त असते ते तापाने, जंतांनी, की उपासमारीने, हे सांगायचे कसे? इयान मॅकग्रेगर या डॉक्टराने पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बियात याचा छडा लावला. काही अर्भकांना जन्मापासून दर आठवड्यास क्लोरोक्विन देण्यात आले, काहींना नाही. १९५६ साली निष्कर्ष छापून आले. औषध मिळालेल्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक होते, वजनही अधिक होते. ज्ञान मिळाले खरे. पण दुसऱ्या गटातल्या आयांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे १९६१ साली मॅकग्रेगर व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील प्रौढांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन वेगळे काढून हिवतापाने आजारी मुलांस टोचले, आणि मुलांच्या रक्तातील जंतू झपाट्याने घटले. कॉखने जे काचेवर पाहून ताडले होते, ते आता सुईत भरून देता आले.

रक्ताने स्वतः शोधलेला एक उपायही आहे, आणि तो भयंकर आहे. १९५४ साली ॲलिसनने युगांडातील २९० मुले तपासली. विळ्याच्या आकाराच्या पेशींचा गुण अंगी असलेल्या ४३ मुलांपैकी १२ जणांत जंतू निघाले. उरलेल्या २४७ पैकी ११३ जणांत. हा गुण एकाच पालकाकडून आला तर ढाल होतो, दोघांकडून आला तर आजन्म दुखणे. आपल्या विदर्भातील अनेक आदिवासी कुटुंबांना हे दुखणे ठाऊक आहे; आणि गडचिरोलीच्या जंगलात हिवतापही आहे.

आफ्रिकेतील मुलांसाठी हिवतापाच्या पहिल्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली, दुसरीची २०२३ साली. ही दुसरी लस ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काढली. तिच्या कुप्या भरल्या जातात त्या आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये.